जुनी डिझेल पिकअप आणि घरची कार्यशाळा
ताकद पंपात असते. किंमत मात्र क्लच, हेड आणि ब्रेकला मोजावी लागते

डॉज कंपनीने १९८९ च्या मॉडेलपासून आपल्या 'रॅम' या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचे ५.९ लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याची कागदोपत्री ताकद अवघी १६० अश्वशक्ती होती. आज शहरात धावणाऱ्या अनेक कौटुंबिक मोटारीही तेवढी ताकद सहज दाखवतात. तरीही हा ट्रक अमेरिकेत अद्याप भंगारात गेलेला नाही. त्याला गिऱ्हाईक मिळते, आणि विकत घेणाऱ्यांपैकी बरेच जण तो थेट घराशेजारच्या गॅरेजमध्ये नेऊन खोलायला घेतात.

याचे कारण इंजिनाच्या जन्मकथेत आहे. हे इंजिन मुळात पिकअपसाठी घडवलेलेच नव्हते. शेतीची व बांधकामाची यंत्रे आणि मध्यम आकाराच्या मालमोटारी यांना दिवसभर भाराखाली ओढता यावे, या हेतूने कमिन्सने 'बी' मालिकेची आखणी केली. साहजिकच त्याचे वजन पाचशे किलोच्या आसपास, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी पट्टा किंवा साखळी नव्हे, तर दातेरी चाके. १६० अश्वशक्ती हा आकडा लहान वाटला, तरी पीळशक्ती, म्हणजे टॉर्क, ५४० न्यूटन-मीटरच्या घरात होता आणि तोही अगदी कमी फेऱ्यांवर मिळत असे. थोडक्यात, पिकअपच्या बॉनेटखाली मालमोटारीचे इंजिन बसले होते आणि त्याच्या अंगभूत क्षमतेपैकी बराच भाग वापराविना पडून होता.

मराठी वाचकाला हे कूळ अपरिचित नाही. पुण्यात १९६२ मध्ये 'किर्लोस्कर कमिन्स' स्थापन झाली. पुढे टाटा आणि कमिन्स यांच्या भागीदारीतील 'टाटा कमिन्स' १९९३ मध्ये जमशेदपूरला उभी राहिली आणि तिचा दुसरा कारखाना सातारा जिल्ह्यातील फलटणला आला. महामार्गावर धावणाऱ्या टाटाच्या अनेक मालमोटारींत याच ५.९ लिटरच्या इंजिनाची भावंडे बसलेली होती.

बारा व्हॉल्व्हचे महत्त्व

जुन्या रॅमच्या बाजारात 'बारा व्हॉल्व्ह' आणि 'चोवीस व्हॉल्व्ह' असे दोन शब्द सतत कानावर पडतात. १९९८ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण बारा व्हॉल्व्ह होते. त्यानंतरच्या इंजिनात ते चोवीस झाले. मात्र घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने व्हॉल्व्हच्या संख्येपेक्षा इंधन पंपातील बदल अधिक महत्त्वाचा आहे. १९९३ पर्यंत बॉशचा 'व्हीई' हा फिरता पंप होता. १९९४ ते १९९८ या काळात बॉशचाच 'पी ७१००' हा पंप आला. यात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र प्लंजर असतो आणि पंपाला वंगण मिळते ते इंजिनाच्या ऑइलमधून. चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनाबरोबर आलेला 'व्हीपी ४४' हा पंप संगणकाच्या आज्ञेवर चालणारा. त्याचे वंगण आणि थंडावा दोन्ही डिझेलवर अवलंबून. त्यामुळे टाकीतून डिझेल खेचणारा छोटा विजेरी पंप अशक्त झाला, की हा महागडा पंपही त्याच्यापाठोपाठ निकामी होतो.

पी ७१०० पंपाचे इंजिन चालू ठेवायला संगणक लागत नाही. पाना, पेचकस आणि संयम एवढ्या भांडवलावर त्याचे इंधन वाढवता येते. या मालिकेची मागणी टिकून राहिली ती याच एका गुणामुळे, आणि तिचे सर्वाधिक नुकसानही याच गुणाने केले आहे. इंधन वाढवणे हे एका दुपारचे काम असल्याने नवखा मालक त्याच कामाने सुरुवात करतो. अनुभवी कारागीर मात्र पंपाला हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटी आणतात.

आधी एक छोटी पिन

या इंजिनाच्या पुढच्या बाजूस टायमिंगची दातेरी चाके ज्या आवरणात असतात, ते ब्लॉकवर नेमके बसावे म्हणून एक पोलादी डॉवेल पिन ठोकलेली असते. तिला अडवणारे काहीही नाही. हजारो तासांच्या कंपनाने ती हळूहळू भोकातून बाहेर सरकते आणि एखाद्या दिवशी सुटते. नशीब बरे असेल तर ती खाली ऑइलच्या सम्पमध्ये पडून राहते. नसेल तर दोन चाकांच्या दातांत सापडते, आवरण फुटते आणि कॅमचे टायमिंग बिघडून सारे इंजिनच धोक्यात येते. अमेरिकी मिस्त्रींनी तिला 'किलर डॉवेल पिन' हे नाव दिले आहे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

उपाय अत्यंत स्वस्त आहे. पंखा, पट्टा आणि क्रँकवरील डॅम्पर काढून पुढचे झाकण उघडायचे, पिन पुन्हा आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक छोटी पट्टी अशी बसवायची, की पिनेचे तोंड झाकले जाईल. शनिवार-रविवारचे दोन दिवस त्यात जातात. झाकण उघडलेच आहे, तर क्रँकचे पुढचे ऑइल सील बदलणे आणि आवरणाचे इतर बोल्ट तपासणे ओघानेच येते. जुना ट्रक घेताना हे काम झाले आहे काय, हा प्रश्न किलोमीटरच्या आकड्याआधी विचारला जातो.

दुसरे दुर्लक्षित ठिकाण म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी. तिला चीर पडली तरी खाली डिझेलचा थेंब दिसत नाही, कारण ही बाजू खेचणारी असते. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. सकाळी गाडी बराच वेळ स्टार्टर मारूनही उठत नाही आणि मालक बॅटरी बदलत बसतो. अमेरिकेत २००६ पासून अत्यल्प गंधकाचे डिझेल आले. या नव्या डिझेलमुळे काही जुन्या सीलांना गळती लागली, हाही अनुभव आहे. अशा गाडीत सर्व रबरी तुकडे एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते. स्टार्टर नुसता 'टक' असा आवाज करून थांबत असेल, तर संपूर्ण स्टार्टर फेकण्यापूर्वी त्याच्या सोलेनॉइडमधील झिजलेले तांब्याचे संपर्क पाहावेत; ते सुटे मिळतात.

मापके: डोळे उघडणारा खर्च

पेट्रोल इंजिनात इंधन वाढले की मिश्रण बिघडते आणि ताकद घटते. डिझेलचा न्याय निराळा आहे. येथे हवा उपलब्ध असेतो जास्त इंधन म्हणजे जास्त ताकद. आणि हवा संपली की उरलेले इंधन काळा धूर आणि उष्णता होऊन बाहेर पडते. धूर डोळ्यांना दिसतो, उष्णता दिसत नाही. चढणीवर जड ट्रेलर ओढताना ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळू लागला, तरी चालकाला ते कळायला वाव नसतो.

म्हणूनच पंपाआधी दोन मापके बसवली जातात : टर्बोचा दाब दाखवणारे आणि एक्झॉस्ट वायूचे तापमान दाखवणारे. तापमानाची सळई टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये असावी लागते. टर्बोनंतर वायूचे तापमान भाराखाली बरेच उतरते आणि मापक खोटा दिलासा देत राहते. मॅनिफोल्डला भोक पाडताना निघणारा लोखंडी चुरा टर्बोच्या पात्यांत जाऊ नये, यासाठी काही जण ड्रिलला ग्रीस फासून आणि लोहचुंबक लावून काम करतात. खरे तर टर्बो सोडवून मॅनिफोल्ड साफ करणे अधिक खात्रीचे. ओढण्याच्या कामात सुमारे ६७५ अंश सेल्सियस, म्हणजे अमेरिकी मापाने १२५० अंश फॅरनहाइट, ही दीर्घकाळची मर्यादा मानली जाते. काटा तिच्यापुढे सरकला की पाय उचलायचा किंवा गिअर उतरवायचा.

पंप, आणि त्यामागून येणारी बिले

१९९६ ते १९९८ मधील हाताच्या गिअरच्या ट्रकला कारखान्यातूनच २१५ अश्वशक्ती मिळत होती. स्वयंचलित गिअरच्या ट्रकला मात्र १८०. हा फरक कारखान्यानेच राखला होता. त्या गिअरबॉक्सला किती सोसवेल, याचा अंदाज त्यातून करता येतो.

पी ७१०० वर मुख्यतः तीन ठिकाणी काम होते. टर्बोचा दाब येईपर्यंत इंधन रोखून धरणारी डबी, जिला 'एएफसी' म्हणतात, ती सैल केली की गाडी जागेवरून चपळाईने निघते. फार सैल केली की प्रत्येक सिग्नलवर धुराचा पडदा उभा राहतो. तिच्याखाली कमाल इंधनाची मर्यादा ठरवणारी पोलादी प्लेट असते. ती सरकवतात किंवा वेगळ्या आकाराची बसवतात. तिसरी गोष्ट गव्हर्नरच्या स्प्रिंगा. मुळात हे इंजिन सुमारे २,७०० फेऱ्यांपर्यंतच जाऊ दिले जाते. स्प्रिंगा बदलून ती मर्यादा वाढते, परंतु त्याबरोबर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही कडक लागतात, अन्यथा वाढलेल्या वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत. या तिन्ही कामांनी इंजिन तीनशे अश्वशक्तीच्या आसपास पोहोचते, आणि त्यासाठी ना नवा पंप लागतो, ना नवा टर्बो.

एक इशारा येथे आवश्यक आहे. गव्हर्नर उघडून पुन्हा जोडताना चूक झाली आणि पंपाचा रॅक पूर्ण इंधनावर अडकला, तर डिझेल इंजिन स्वतःहून वेग घेत सुटते. पी ७१०० यांत्रिक असल्याने किल्ली फिरवून ते थांबेलच असे नाही. ते थांबवायचे तर हवेचा मार्ग बंद करावा लागतो. त्यामुळे प्रथम सुरू करताना हवेच्या नळीचे तोंड उघडे ठेवून शेजारी जाड फळी घेऊन एक माणूस उभा करतात. उघडा हात तेथे कधीही नेऊ नये. तसेच इंजेक्टरच्या नळीची गळती बोटाने चाचपणे जिवावर बेतू शकते. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो.

पंपाचे टायमिंग पुढे घेणे हे याहून नाजूक काम आहे. पंपाचे चाक निमुळत्या शाफ्टवर केवळ घट्टपणाने बसते. दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही न ठेवता पुसले नाहीत, तर काही दिवसांनी चाक सरकते आणि टायमिंग कुठल्या कुठे जाते.

ताकद मिळाली, की गाडीचा सर्वांत अशक्त भाग पुढे येतो. हाताच्या गिअरच्या गाडीत प्रथम क्लच घसरू लागतो. त्या काळच्या 'एनव्ही ४५००' या गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरचा नट सैल होऊन गिअरच मागे सरकण्याची खोड प्रसिद्ध आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर तोही पाहून घेणे योग्य. स्वयंचलित गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आणि आतील क्लचपट्ट्या जळतात, आणि ते काम घरच्या गॅरेजच्या आवाक्याबाहेरचे आणि बहुधा संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत महाग. त्यापुढे टर्बोचा दाब वाढवत नेला की हेड उचलले जाऊन गॅस्केट फुटते. मूळ टर्बोला ३५ पीएसआयपलीकडे रेटण्यात काही अर्थ नसतो; हवा वाढण्याऐवजी ती केवळ अधिक तापते. हेडचे बोल्ट काढून त्या जागी अधिक मजबूत स्टड घालण्याची पद्धत आहे.

या सगळ्या धावपळीत ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे नाव कोणी घेत नाही, ही या छंदातील सर्वांत मोठी त्रुटी म्हणावी लागेल. १९९४ नंतरच्या या ट्रकचे जड नाक रस्त्यावर भरकटते, ही तक्रार जुनी आहे. पुढच्या ॲक्सलचा ट्रॅक बार आणि स्टिअरिंग बॉक्स झिजल्याने ती वाढते. दीडपट ताकदीचा आणि मूळचेच ब्रेक असलेला ट्रक तीन टनांचा ट्रेलर घेऊन उतरणीला लागतो, तेव्हा इंजिनावर खर्च झालेला पैसा कामाचा नसतो. एक्झॉस्ट ब्रेक, नवे पॅड आणि ड्रम, आणि चांगले टायर यांवर झालेला खर्च तेथे उपयोगी पडतो.

धूर आणि कायदा

अमेरिकेच्या 'क्लीन एअर ॲक्ट'नुसार गाडीतील प्रदूषण नियंत्रणाची साधने काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे, आणि कारखान्यातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घेऊन आलेली जुनी गाडी त्याला अपवाद नाही. मुद्दाम काळा धूर सोडण्याच्या प्रकाराला 'रोलिंग कोल' म्हणतात. न्यू जर्सी राज्याने २०१५ मध्ये त्यावर स्वतंत्र बंदी घातली. पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्याआधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. खुद्द कमिन्सनेही २०१३ ते २०२३ च्या रॅम पिकअपमधील इंजिनांबाबत तडजोड करताना १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य केला. कॅलिफोर्नियात १९९७ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना नियमित 'स्मॉग' तपासणी लागत नाही, १९९८ पासूनच्या लागते. बारा व्हॉल्व्हच्या गाडीचे तेथील आकर्षण वाढण्यास हा एका वर्षाचा फरकही पुरेसा ठरतो.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद झालेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. झिजलेली नळी, सील, क्लच वा ब्रेक मूळ स्थितीत आणणे ही दुरुस्ती असल्याने ती या कक्षेत येत नाही. इंजिन बदलायचे असेल, तर मात्र आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते.