करपलेल्या भांड्याची बखर

खानदेशचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे फारुकी सुलतान उभे राहतात, १६०१ साली अकबराच्या हाती पडलेला अशीरगड येतो, १८१८ नंतरचा इंग्रजी अंमल येतो आणि मागाहून कापसाच्या गाठी येतात. परंतु ज्या घरांच्या कष्टांवर ही राज्ये जेवली, त्या घरांच्या मोरीत रोज रात्री एक निराळीच लढाई चाले. ती बुडाला लागलेल्या भाताशी, करपलेल्या डाळीशी आणि काजळीने माखलेल्या तपेल्याशी असे. तिची बखर कोणा चिटणिसाने लिहिली नाही. म्हणून वाचकहो, दिवाळीचे निमित्त साधून मीच ती लिहावयास बसलो आहे.

या लढाईतले मुख्य शस्त्र म्हणजे राख. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, तुरीच्या वाळक्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या, हे आमच्याकडचे जुने जळण. अशाच काड्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत होते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्याखाली जमणाऱ्या राखेला मात्र कोणी मानपत्र दिले नाही! वास्तविक तिची योग्यता मोठी आहे. झाडपाल्याच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. ओली राख तेलकट भांड्यावर चोळली की हा क्षार करपलेला थर सैल करतो आणि तेलातुपाच्या काही अंशाचा चक्क साबण करतो. उरलेले काम राखेचे बारीक कण घासून पुरे करतात.

गंमत अशी की, युरोपातही राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून भांड्यात आटवीत. भांड्यातली राख म्हणून त्या क्षाराचे नावच ‘पोटॅश’ पडले. १८०७ साली लंडनमध्ये हंफ्री डेव्ही यांनी पोटॅशपासूनच एक नवा धातू वेगळा काढला आणि त्याचे नाव पोटॅशियम ठेवले. रसायनशास्त्रातले एक मूलद्रव्य असे चुलीच्या राखेचे नाव लावून बसले आहे.

आमच्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांचा हात पक्का होता. तपेले चुलीवर चढविण्यापूर्वी त्याच्या बुडाला त्या बाहेरून राख-मातीचा लेवा देत. काजळी धरे ती त्या लेव्यावर. पाणी पडताच लेव्याबरोबर निघून जाई. आतून काही लागलेच तर घाई न करता पाणी घालून भांडे भिजत ठेवीत, कारण भिजलेला थर अर्धा आपणच सुटतो. मग राख घ्यायची आणि वाळलेल्या गिलक्याच्या जाळीने घासायचे. तांब्या-पितळेचा काळवंडलेला रंग राखेला दाद देत नाही. तिथे चिंच लागते, कारण धातूवरचा तो मळ आंबटाने विरघळतो. मात्र कल्हईच्या भांड्यात हात हलका ठेवावा लागे. कथलाचा तो पातळ थर खरवडून गेला, की आंबट पदार्थात तांबे उतरलेच! मग कल्हईवाल्याची वाट पाहायची. त्याचा भाता, नवसागराचा धूर आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चांदीसारखे होणारे पातेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दुसरी जादू फिकी वाटते.

पुढे भांडी बदलली. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास प्रारंभ केला. भांडे हलके आणि स्वस्त, पण राखेचा वा सोड्याचा क्षार त्याला खातो. पिढ्यान्‌पिढ्यांचे शस्त्र इथे उलटले! शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारे पोलाद सिद्ध केले आणि यथाकाल स्टीलने आमच्या फळ्या झळकल्या. स्टीलला सोडा बाधत नाही. पाण्यात चमचाभर टाकून उकळले की थर सुटतो. पण तांब्याच्या मानाने स्टीलमधून उष्णता वीस-पंचवीसपट कमी वाहते. ती बुडाशी सर्वत्र पसरत नाही, जाळाच्या जागीच साचते आणि अन्न तिथेच चिकटते. म्हणजे गंज गेला, पण करप वाढला.

राख गेली, सोडा आला. पितळ गेले, स्टील आले. बदलला नाही तो घासणारा हात. खानदेशात आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, एवढे अगत्य का, हे मला इथे उमगते. त्या सणाला लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. सासरची मोरी तेवढे दिवस तिच्याविना असते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. चुलीपाशी, जात्यापाशी, शेतात काम करता करता त्यांची गाणी झाली. १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. राखेने भरलेल्या किती हातांची गाणी राखेतच राहिली असतील, याचा हिशेब कोणत्या दफ्तरात सापडणार?

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर पुष्कळ गावांतल्या घरांत गॅसची शेगडी आली. जिथे ती रोज पेटते, तिथे धूर गेला, काजळी गेली आणि राखही गेली. ही मोठीच सुटका आहे. राखेचे गोडवे गाऊन कोणाला पुन्हा फुंकणीपाशी बसविण्याचा माझा हेतू नाही. परंतु कढई अजून करपते. तेव्हा यंदा फराळाची शेवटची चकली तळून झाली, की कढई निवू द्या, तेल काढून घ्या, गरम पाणी घालून ती भिजत ठेवा. आणि मग जो सर्वांत जास्त चकल्या खाईल, त्याच्याच हाती घासणी द्या. बखरीतले पुढचे पान त्याच्या नावाने लिहिता येईल.