बनशंकरीचे संवत्सर

बेंगळुरू शहराच्या दक्षिणेस, कनकपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला, बनशंकरी नावाची एक विस्तीर्ण वसाहत पसरलेली आहे. तिचे पहिल्यापासून सहाव्यापर्यंत टप्पे पडलेले असून तिथले लोक त्यांना ‘स्टेज’ म्हणतात. आखीव रस्ते, ओळीने उभी असलेली घरे, भाजीबाजार, बसगाड्यांचा तळ आणि २०१७ सालापासून मेट्रोचे स्थानक, असा तिचा संसार आहे. बनशंकरी म्हणजे वनात राहणारी शंकरी. परंतु ज्या वसाहतीच्या नावातच वन आहे, तिच्यात ते आज औषधालाही उरलेले नाही.

वसाहतींचा इतिहास सांगताना तो बहुधा भूखंडांच्या आणि ठरावांच्या तारखांनी सांगितला जातो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. माणसे घर बांधतात एकदाच. त्या घरात राहायला मात्र ती दरवर्षी नव्याने शिकतात, आणि हे शिक्षण त्यांना ऋतू देत असतात. म्हणून बनशंकरीचा इतिहास तिच्या एका संवत्सराच्या वाटेने पाहिला, तर कागदपत्रांत न सापडणारे काही हाती लागण्याचा संभव आहे.

हे संवत्सर चैत्रापासून न धरता पौषापासून धरणे सोयीचे, कारण वसाहतीचे नाव पौषातल्या देवतेचे आहे. बनशंकरीचे मूळ ठाणे बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळच्या चोळचगुड्ड येथे. तिलाच शाकंभरी म्हणतात. पुराणकथा अशी की, शंभर वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा देवीने आपल्या देहातून शाकभाज्या उत्पन्न केल्या आणि पाऊस येईपर्यंत जगाला जगविले. दुर्गेची इतर रूपे शस्त्रांनी ओळखली जातात. या एका रूपाची ओळख पालेभाजीची आहे. अवर्षणाचा अनुभव ज्यांच्या पाठीशी पिढ्यान्‌पिढ्या लागलेला, अशा प्रदेशालाच ही देवता सुचावी, यात नवल नाही. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरीचे नवरात्र चालते, आणि त्यात १०८ भाज्यांचा नैवेद्य दाखविण्याची चाल आहे. हरिद्रातीर्थ नावाच्या दगडी तळ्याच्या काठी असलेले सध्याचे देऊळ इ. स. १७५० च्या सुमारास परशुराम आगळे या मराठा सरदाराने बांधविले असे सांगतात. कृष्णेच्या दोन्ही तीरांवरील कितीतरी मराठी घराण्यांची ही कुलस्वामिनी. भाषेची सीमा तिने कधी मानली नाही.

ती बेंगळुरूस आली ती १९१५ साली. त्या वर्षी कनकपुऱ्याच्या रस्त्यावर तिचे देऊळ उभे राहिले. तेव्हा हा भाग शहराबाहेरचा होता. शेते आणि झाडी यांच्या मध्ये देऊळ होते, म्हणून नाव सार्थ होते. या देवळाची एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. राहुकाळ म्हणजे अशुभ वेळ. त्या वेळी कोणी कार्यास हात घालीत नाही, प्रवासास निघत नाही. येथे मात्र मंगळवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी नेमक्या राहुकाळातच भक्तांची दाटी होते. अर्ध्या लिंबाची साल उलटी करून तिच्यात तेलवात लावतात. टाकून द्यायच्या वेळेत टाकून द्यायच्या सालीचा दिवा करायचा, एवढाच तो विधी. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण वाईट वेळ नुसती टाळू नये, तिचाही काही उपयोग करावा, ही शिकवण त्या लहानशा दिव्यात आहे खरी.

पौषातच संक्रांत येते. बनशंकरीच्या उत्तरेस, गवीपुरात, गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. संक्रांतीच्या दिवशी मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचा किरण तिथल्या नंदीच्या शिंगांमधून जाऊन काही क्षण शिवलिंगावर पडतो, आणि तो पाहण्यासाठी लोक तासन्‌तास उभे राहतात. त्याच संध्याकाळी नवी वस्त्रे ल्यालेल्या मुली ताटे घेऊन घरोघर जातात. ताटात तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण असते, आणि जोडीला उसाचे कांडे. ते देताना कानडीत जे म्हणतात त्याचा अर्थ ‘तीळगूळ खा आणि चांगले बोला’ असा आहे. मराठी माणसाला त्याचा तर्जुमा करून सांगावा लागत नाही.

आता ही वसाहत कशी झाली ते पाहू. १८९८ साली बेंगळुरात प्लेगने थैमान घातले. दाट पेठांतली घरे सोडून माणसे मोकळ्या जागी धावली, आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम्‌ या नव्या, ऐसपैस रस्त्यांच्या वसाहतींचे महत्त्व लोकांस पटले. पुढे १९४५ साली शहरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले; त्याने दक्षिणेकडे एकामागून एक वसाहती आखल्या. १९७६ साली त्याचे काम बेंगळुरू विकास प्राधिकरणाकडे आले. बनशंकरी ही या दोन संस्थांची संतती आहे.

मंडळाच्या नावातला ‘सुधारणा’ हा शब्द मात्र विचार करण्याजोगा आहे. जमीन सपाट करणे, गटारे बांधणे, भूखंड पाडणे ही सुधारणा खरीच, पण ती जागेची. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि त्यासाठी १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ नावाचे पत्र काढले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या पत्राची इंग्रजी बाजू सांभाळणारे तरुण प्राध्यापक होते गोपाळ कृष्ण गोखले. जागा सुधारली म्हणजे माणूस आपोआप सुधारत नाही. त्याला स्वतःवर निराळी मेहनत घ्यावी लागते, हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होता.

गोखल्यांचे नाव येथे सहज आलेले नाही. ते १९१५ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे ज्या वर्षी बनशंकरीचे देऊळ झाले त्याच वर्षी, गांधीजी प्रथम बेंगळुरूस आले आणि त्यांच्या हस्ते गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण झाले. गोखल्यांना गुरुस्थानी मानणारे कानडी पत्रकार आणि कवी डी. व्ही. गुंडप्पा यांनी पुढे १९४५ साली बसवनगुडीच्या परिसरात गोखले सार्वजनिक कार्य संस्था काढली. शहरसुधारणा मंडळाचे सालही तेच. एका मंडळाने जागा सुधारण्याचे काम हाती घेतले. दुसऱ्या संस्थेने माणूस सुधारण्याचे. या संस्थेत ग्रंथालय झाले, अभ्यासमंडळे भरली. कचेरीतून परतलेले कारकून, शिक्षक, पेन्शनर तेथे एकत्र बसून ग्रंथ वाचीत आणि नागरिकाच्या कर्तव्यांची चर्चा करीत. १९७० साली गुंडप्पांना गौरवाप्रीत्यर्थ मिळालेली ९० हजार रुपयांची थैली त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केली. एका मराठी माणसाच्या नावाची ही संस्था एका कानडी साहित्यिकाने आपल्या आयुष्याची पुंजी ओतून वाढविली, याची खबर महाराष्ट्रात फारच थोड्यांस आहे.

पौष संपून माघ-फाल्गुन लागले की दक्षिण बेंगळुरातले रस्ते फुलांनी भरून जातात. कोठे गुलाबी तबेबुया, कोठे पिवळा, तर चैत्राच्या सुमारास जांभळा जॅकरांडा. हा बहर निसर्गाचा असला तरी त्याच्या मागे माणसाची योजना आहे. गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली हिंदुस्थानात आले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत. १९०८ साली ते म्हैसूर संस्थानात गेले आणि लालबागेचे काम त्यांच्याकडे आले. वर्षातल्या प्रत्येक काळी शहरात कोठे ना कोठे फुले असावीत, अशा हिशेबाने झाडे निवडण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९८० नंतरच्या दशकात शहर उजाड दिसू लागले, तेव्हा वनखात्याचे अधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी काही वर्षांत सुमारे १५ लाख रोपे लावविली आणि त्या कामात रहिवाशांना सामील करून घेतले. सरकारी हुकमाने लावलेले झाड आणि घरातल्या मुलांनी पाणी घातलेले झाड यांत किती अंतर असते, हे त्यांनी ओळखले होते. आज ज्या सावलीतून बनशंकरीतली वृद्ध मंडळी फिरावयास जातात, तिच्यात या दोघांचा वाटा आहे.

मग युगादी येते, म्हणजे आपला पाडवा. घरोघर कडुनिंबाचे फूल आणि गूळ एकत्र करून खातात. येणाऱ्या वर्षात कडू आणि गोड दोन्ही असणार, आणि दोन्ही एकाच घासात पचविता आली पाहिजेत, हा त्यातला भाव आहे. पाठोपाठ रामनवमी. तेव्हा पानक आणि कोशिंबीर वाटतात, आणि मांडवांतून गायन सुरू होते. चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळीचा संगीतोत्सव १९३९ पासून चालत आला आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिची येथे आठवण होते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसाला घरात बसवत नाही. त्या मोकळ्या वेळाचा उपयोग पुण्याने विचार ऐकण्याकडे केला, बेंगळुरूने सूर ऐकण्याकडे. ऋतूला ओळखून त्याच्याकडून काम करवून घ्यावे, ही युक्ती मात्र दोन्ही शहरांना साधली.

येथवरचे चित्र प्रसन्न आहे. वैशाखात त्याची दुसरी बाजू दिसते. बेंगळुरू हे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे शहर. त्याला मोठी नदी नाही. केम्पेगौडाच्या काळापासून ते तळ्यांवर जगले. गवीपुराजवळचे केम्पांबुधी तळे अजून आहे; धर्मांबुधी तळ्याच्या जागी मात्र आज शहराचा मुख्य बसतळ आहे. तळी गेली तसे पाणी दूरवरून आणावे लागले. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणले जाते. २०२३ साली पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहराची त्रेधा उडाली. सरकारी विंधणविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास अगर बागेस पाणी घालणाऱ्यास ५००० रुपये दंड ठरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, आणि पुष्कळांना हायसे वाटले.

परंतु नळ पुन्हा वाहू लागला म्हणजे धडा संपला, असे नव्हे. नवे पाणी ही मंडळाने केलेली सुधारणा झाली. पाणी वापरणाऱ्याची सुधारणा अजून व्हावयाची आहे. २००९ साली कायद्याने घरांच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठविणे वा जमिनीत मुरविणे आवश्यक केले, आणि ते कसे करावे हे दाखविणारे एक उद्यान शेजारच्या जयनगरात उभारले. त्याला सर विश्वेश्वरय्यांचे नाव आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे ते हेच. साठलेले पाणी वाया जाऊ नये यासाठी त्यांनी धरणापाशी जे केले, तेच प्रत्येक गृहस्थाने आपल्या छपरापाशी करावे, इतकीच त्या उद्यानाची मागणी आहे. कायद्याने हौद बांधविता येतो. पहिल्या पावसाआधी गच्ची झाडून ठेवण्याची सवय मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.

बेंगळुरूचा जोराचा पाऊस भाद्रपद-आश्विनात पडतो. तेव्हा हेच शहर पाण्याने हैराण होते; ज्या सखल भागांत पूर्वी तळी होती, तेथे पाणी आपली जुनी वाट विचारीत येते. तो ओसरला की कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीपुढे शेंगांची जत्रा भरते. भोवतालच्या खेड्यांतले शेतकरी भुईमुगाच्या राशी रस्त्याच्या कडेला मांडतात. पहिले पीक नंदीला आणि मग माणसांना, असा संकेत आहे. शहरातल्या मुलांना वर्षातून त्या एका दिवशी तरी कळते की, शेंग दुकानात पिकत नाही; कोणाच्या तरी शेतात, कोणत्या तरी पावसावर पिकते.

आणि पुन्हा पौष येतो. देवळात भाज्यांच्या माळा चढतात. शंभर वर्षांच्या अवर्षणात जगाला जगविणाऱ्या देवीपुढे ज्या हातांनी लिंबाचा दिवा लावायचा, त्याच हातांनी घरी नळ उघडा ठेवायचा, ही विसंगती ज्या दिवशी बनशंकरीच्या रहिवाशास बोचू लागेल, त्या दिवशी गोखल्यांना अभिप्रेत असलेल्या सुधारणेस आरंभ झाला असे म्हणता येईल. नाहीशी झालेली झाडी परत आणता येणार नाही. पण दारातले एक झाड, छपरावरचा एक पाऊस आणि संक्रांतीचा एक गोड शब्द इतके सांभाळले, तरी वसाहतीला आपले नाव थोडेफार शोभेल.