परीक्षेचा निकाल आणि लेखणीचा निर्धार

परीक्षेंत अपयश आलेल्या तरुणानें ग्रंथकार होण्याची आकांक्षा धरूं नये, असें घरोघरीं मानलें जातें. नांदेडच्या नरहर अंबादास कुरुंदकरांचें चरित्र या समजुतीला चांगलें उत्तर देतें.

नांदेड आणि लातूर हीं नगरें सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत होतीं. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच. मराठी ही मुख्यतः घरांतली व कीर्तनांतली भाषा होऊन राहिली होती. मराठींत लिहूं इच्छिणाऱ्या मुलाला पुण्या-मुंबईचे प्रकाशक दूर, ग्रंथ दुर्मिळ आणि कौतुक करणारे थोडे.

अशा प्रांतांत, कुरुंदा या गांवीं, १५ जुलै १९३२ रोजीं कुरुंदकरांचा जन्म झाला. शिक्षणासाठीं ते हैदराबादेस मामांकडे, म्हणजे मराठीचे व्यासंगी प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. तेथें वाचनाचें वेड लागलें. परंतु तें वाचन अभ्यासक्रमाच्या बाहेरचें! इंटरच्या परीक्षेनें त्यांना वारंवार परत पाठविलें. बरोबरीचे पदवीधर झाले, आणि कुरुंदकर पदवीवांचून नांदेडच्या एका शाळेंत शिक्षक झाले.

येथें एखाद्याची लेखणी कायमची थांबली असती. त्यांची थांबली नाहीं, कारण तिचा आधार परीक्षकाच्या शेऱ्यावर नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रांतील रस म्हणजे नेमकें काय, इतिहासांतील थोर पुरुषाकडे भक्ताच्या दृष्टीनें पाहावें कीं अभ्यासकाच्या, असे प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देत नव्हते. प्रश्न जिवंत असेल, तर लिहिण्याला निराळें निमित्त लागत नाहीं. शिवाय समोर श्रोता होता. वर्गांतील विद्यार्थी, वाद घालणारे मित्र, व्याख्यानाला जमलेले नागरिक यांच्यापुढें विचार बोलून तपासावा आणि मग कागदावर उतरावा, असा त्यांचा क्रम; म्हणूनच त्यांच्या गद्यांत बोलण्याची धार आहे.

पुढें त्यांनीं बी. ए. व एम. ए. या पदव्या मिळविल्या, आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत ते प्राध्यापक व अखेर प्राचार्य झाले. ‘रूपवेध’, ‘मागोवा’, ‘जागर’, ‘शिवरात्र’ हे ग्रंथ नांदेडांत राहूनच सिद्ध झाले. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीस त्यांचें दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलें आहे. दूरच्या गांवचा हा समीक्षक आतां महाराष्ट्राला दूरचा राहिला नव्हता. १० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांना मृत्यु आला. तेव्हां पन्नाशीहि पुरी झाली नव्हती.

त्याच वर्षीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९९४ सालीं नांदेडास विद्यापीठ स्थापन झालें. लातूरहि त्याच्याच कक्षेंत आलें. मराठींतून शिकण्याची जुनी अडचण सरली. साभार परत येणारें हस्तलिखित मात्र अद्यापि येतेंच. तें हातीं आलेल्या तरुणानें स्वतःस एवढेंच विचारावें : कागद परत आला, पण त्यावरचा प्रश्न सुटला काय? सुटला नसेल, तर काम अजून शिल्लक आहे.