पॅटिस

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मीरा रोडच्या शांती नगरात बेकरीवरून जाताना खिमा पॅटिसचा खमंग वास येतो. दोन्ही शब्द लांबून आलेले. ‘खिमा’ मूळचा तुर्की ‘कियमा’, म्हणजे बारीक चिरलेलं. फारसीमार्गे तो आपल्याकडे आला. ‘पॅटिस’ हे इंग्रजी ‘पॅटी’चं अनेकवचन, पण आपण ते एकवचनच मानलं: एक पॅटिस, दोन पॅटिस. ‘पॅटी’च्या मागे फ्रेंच ‘पाते’ आणि त्याच्याही मुळाशी लॅटिन ‘पास्ता’, म्हणजे भिजवून मळलेलं पीठ. पेस्ट्री, पास्ता, पेस्ट ही सगळी त्याच घरातली भावंडं.

म्हणजे नाव आहे ते आवरणाचं, आतल्या मटणाचं नव्हे! घास घेताना शर्टावर सांडतात ते पापुद्रे म्हणजेच मूळ पॅटिस. इंग्रजांकडे काही घरांत नाताळच्या जेवणाला मांसाचा अख्खा तुकडा असाच पिठात गुंडाळून भाजतात. आपल्या बेकरीत तीच युक्ती तळहाताएवढी झाली.

मला खरं नवल वाटतं ते रगडा पॅटिसचं. तिथे आवरण नाहीच, नुसती बटाट्याची टिक्की. तरी नाव टिकलं.

या नाताळला खिमा पॅटिस आणाल तेव्हा वरचा एक पापुद्रा आधी नुसताच खाऊन बघा.