नाणेघाटाच्या भिंतीवर नेमकं काय लिहिलंय?

पावसाळा सुरू झाला की नाणेघाटाची रील्स फिरायला लागतात. उलटा धबधबा, नानाचा अंगठा, दगडी रांजण आणि खाली कॅप्शन: 'जगातला पहिला टोलनाका'. रांजण तिथे आहे. ही सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट असल्याने जकातीची गोष्टही पटण्यासारखी आहे. पण घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत जो मोठा लेख कोरलाय, त्याच्या वाचता येणाऱ्या भागात जकातीचा उल्लेखच नाही. तिथे आहे एका राणीच्या कुटुंबाने केलेल्या यज्ञांचा आणि दानाचा हिशेब.

कल्याण-नगर रस्त्याने मुरबाड, टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे येतं. तिथून थोडं पुढे रस्ता सोडून रानातली पायवाट धरायची आणि दगडी पायऱ्यांनी वर चढायचं. कोकणातल्या बंदरांवरचा माल जुन्नरला आणि पुढे पैठणला याच वाटेने जायचा. म्हणजे लेख अगदी रहदारीच्या ठिकाणी कोरला होता.

गुहेच्या डाव्या भिंतीवर 10 आणि उजव्या भिंतीवर 10 ओळी आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. बहुतेक अभ्यासक काळ इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा धरतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. मग राणीचं वर्णन येतं: महिना महिना उपवास करणारी, घरात राहूनही तपस्विनीसारखी, व्रतं आणि यज्ञ जाणणारी. आणि त्यानंतर यादी. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि प्रत्येकाची दक्षिणा. एका ठिकाणी 1,700 गायी आणि 10 हत्ती, दुसरीकडे 11,000 गायी आणि 1,000 घोडे, आणखी एका ठिकाणी 24,400 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. यज्ञ बघायला आलेल्यांना आणि नोकरचाकरांना वाटलेले 6,001 कार्षापणही वेगळे लिहिलेत! हे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोडतात. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा आहेत.

भिंतीवरच्या अक्षरांतून सद्वर्तन दाखवण्याची रीत चीनमध्येही मुरलेली आहे. तिथे कुंचल्याने रेशमावर किंवा कागदावर लिहितात, खाली दांडी लावतात आणि तो पट भिंतीवर टांगतात. मजकूर थोडका असतो. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले पाच गुण म्हणजे माणुसकी, न्याय, रीतभात, शहाणपण आणि विश्वास; त्यातलं एखादंच अक्षर अख्खा पट व्यापतं. याच परंपरेचे ग्रंथ हान राजवटीत, इ.स. 175 ते 183 या काळात, दगडी पाट्यांवर कोरून लुओयांगला उभे केले होते. तिकडचा पट वाचणाऱ्याला 'असं वाग' म्हणतो. नाणेघाटातली राणी 'आम्ही असं वागलो' म्हणते आणि पुढे आकडे मांडते. मला तिची पद्धत जास्त धीट वाटते.

अडचण अशी की पट खराब झाला तर पुन्हा लिहिता येतो, कातळाचं तसं नाही. लेखाच्या ओळी मध्ये मध्ये तुटल्या आहेत, आणि नेमक्या त्या फटींवर मोठा वाद उभा आहे. हे यज्ञ राजा सातकर्णीने केले, दोघांनी मिळून, की त्याच्यामागे राणीने? जॉर्ज ब्यूलर यांनी 1883 साली लेखाचं वाचन छापलं, पुढे वा. वि. मिराशींनीही त्यावर लिहिलं, तरी अभ्यासकांचं एकमत नाही. दोन-चार शब्द शाबूत असते तर सातवाहन काळातल्या स्त्रीच्या अधिकाराबद्दल आपण आज जास्त ठामपणे बोललो असतो. म्हणून तिथे गेलात तर भिंतीवर खडू, कोळसा, किल्ली काहीच चालवू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून पाणीही मारू नका. तिरपा उजेड पडला की ती आपोआप दिसतात.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती होत्या. सातवाहन सिमुक, सातकर्णी, राजकुमार आणि राणी, जिचं नाव तिथे 'नायनिका' असं कोरलंय. आपण तिला नागनिका म्हणतो. मूर्ती गेल्या. खाली काहींच्या पावलांच्या खुणा आहेत आणि वर नावं.