संगणक दुरुस्तीचं प्रमाणपत्र: तारनाक्याला खोली घेण्याआधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या पट्ट्यातली पोरं हैदराबादची वाट धरतात. कुणी इंजिनिअरिंगला जातं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. काही जणांचा बेत साधा असतो: कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स करायचा, वर्षभर कुठंतरी हाताखाली काम करायचं आणि तालुक्याच्या गावी दुकान टाकायचं. बेत चांगला आहे. पण कोर्सची फी, खोलीभाडं आणि मेस यात घरचा बराच पैसा जातो, आणि वर्ष गेलं ते परत येत नाही. कोणतं प्रमाणपत्र कशासाठी असतं आणि काम शिकणं म्हणजे नेमकं काय, हे निघण्याआधीच माहीत असलेलं बरं.

तारनाकाच का?

तारनाका म्हणजे उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेला भाग. तारेच्या कुंपणाजवळचा नाका, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. दोन्ही शब्द मराठी माणसाला ओळखीचेच. विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इकडच्या कित्येक घरांतले आजोबा-पणजोबा उस्मानियात शिकलेले आहेत.

आज इथं राहणं सोयीचं पडतं ते दळणवळणामुळे. तारनाका मेट्रो स्टेशन नागोल ते रायदुर्ग या निळ्या मार्गावर आहे. नागोल ते अमीरपेट हा टप्पा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. क्लाससाठी प्रसिद्ध असलेलं अमीरपेट याच मार्गावर येतं. त्याच दिशेला पॅराडाइज स्टेशनवर उतरलं की पार्क लेनमधलं चिनॉय ट्रेड सेंटर गाठता येतं. हे सिकंदराबादचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं मोठं मार्केट. शिकणाऱ्यानं तिथं महिन्यातून एकदा तरी फेरी मारावी. कोणता बोर्ड चालतो, कोणती रॅम आता मिळत नाही, जुन्या मालाला काय भाव आहे, हे पुस्तकात सापडत नाही.

दुरुस्तीचा धंदा आणि हैदराबाद

या शहराचं संगणकाशी नातं हायटेक सिटीच्या आधीपासूनचं आहे. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, ही सरकारी कंपनी १९६७ साली इथं स्थापन झाली. ट्रॉम्बे इथं आखणी झालेला टीडीसी-१२ हा देशी बनावटीचा संगणक तिनं १९६९ मध्ये तयार केला.

देशातल्या संगणकांच्या देखभालीसाठी केंद्र सरकारनं १९७५ साली वेगळी कंपनी काढली. तिचं नावच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन होतं. पुढं ती सीएमसी म्हणून ओळखली गेली. परकीय भांडवलाच्या नियमांवरून आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीच्या तंत्रज्ञांनी अंगावर घेतली. यंत्र परदेशी असलं तरी ते चालू ठेवणारे हात इथलेच होते.

प्रमाणपत्रं चार, वाटा वेगळ्या

बाजारात शेकडो कोर्स आहेत. पण ज्या प्रमाणपत्रांमागं मान्य यंत्रणा उभी आहे, अशी मुख्य चार समजून घ्यावीत.

१) आयटीआय: ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास विद्यार्थ्याला चालतो. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. सरकारी जागा आणि अप्रेंटिसशिपसाठी हा कागद सर्वांत उपयोगी. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये हा ट्रेड असेल, तर परराज्यात जाण्याची गरजच नाही. तेलंगणातल्या सरकारी संस्थेत जायचं असेल, तर स्थानिक आणि बाहेरचा हा फरक प्रवेशाआधी विचारून घ्यावा.

२) नायलिट: केंद्र सरकारची ही संस्था पूर्वी डोएक या नावानं ओळखली जायची. संगणक देखभालीसाठी तिची ‘सीएचएम ओ लेव्हल’ ही परीक्षा आहे. मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांना छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या परिसरातच नायलिटचं केंद्र आहे.

३) कौशल्य परिषद: इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रासाठीच्या कौशल्य परिषदेनं ‘फील्ड टेक्निशियन – कॉम्प्युटिंग अँड पेरिफेरल्स’ हे काम ठरवून दिलं आहे. कौशल्य विकास योजनांतले अल्पमुदतीचे वर्ग बहुधा यावरच असतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घरोघर जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला हे पुरतं.

४) कॉम्पटिया ए प्लस: अमेरिकेतली, १९९३ पासून चालत आलेली परीक्षा. हैदराबाद, पुणे, बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांत हेल्पडेस्क किंवा डेस्कटॉप सपोर्टची नोकरी हवी असेल तर हिचा उपयोग होतो. तालुक्याच्या दुकानात गिऱ्हाईक ती विचारत नाही.

तारनाक्याच्या जवळपास सरकारी पर्यायही आहेत. ईसीआयएल परिसरात राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाचं तांत्रिक सेवा केंद्र आहे. तिथं हार्डवेअर आणि नेटवर्किंगचे कोर्स चालतात. रामंतापूरला केंद्र सरकारची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. खासगी क्लासची पायरी चढण्याआधी या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी.

ए प्लसमध्ये काय विचारतात?

जाहिराती बहुतेक याच परीक्षेच्या असतात, म्हणून थोडं खोलात. पेपर दोन: कोअर १ आणि कोअर २. दोन्ही पास झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि दोन्हींची फी वेगळी भरावी लागते. प्रत्येक पेपर ९० मिनिटांचा, प्रश्न जास्तीत जास्त ९०. गुण ९०० पर्यंतच्या मापावर दिले जातात. पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० लागतात. मराठीत पेपर नाही. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, पुढं नूतनीकरण.

मार्च २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रम आला. पेपरचे क्रमांक २२०-१२०१ आणि २२०-१२०२. जुने ११०१ आणि ११०२ बंद झाले आहेत. क्लासवाला जुन्या क्रमांकाची पुस्तकं हातात ठेवत असेल तर तिथंच सावध व्हावं.

नव्या कोअर १ मध्ये हार्डवेअरला २५ टक्के वजन आहे, पण हार्डवेअर आणि नेटवर्कचा दोष शोधण्याला २८ टक्के. म्हणजे भाग ओळखता येणं एवढं पुरत नाही, बिघाड कुठं आहे ते सांगता आलं पाहिजे.

दोष शोधण्याचा क्रम

नवशिका आणि जाणकार यांतला फरक इथं कळतो. नवशिका आधी स्क्रू ड्रायव्हर उचलतो, जाणकार आधी विचारतो: शेवटचं कधी चालू होतं? त्यानंतर काय झालं? लाइट गेली होती का? नवीन काही बसवलं का?

परीक्षेतही हाच क्रम शिकवतात. आधी तक्रार नीट समजून घ्यायची, मग कारणाचा अंदाज बांधायचा, तो तपासायचा, मग दुरुस्तीचा बेत ठरवायचा. काम झालं की सगळं चालतंय का ते पाहायचं आणि शेवटी केलेलं काम लिहून ठेवायचं. शेवटची पायरी दुकानात सगळे टाळतात, आणि तोच कॉम्प्युटर महिन्यानं परत आला की डोकं धरून बसतात.

एक नेहमीचं उदाहरण. कॉम्प्युटर चालूच होत नाही. आधी बोर्डाचा प्लग, एक्स्टेन्शन आणि पॉवर केबल पाहायची. खेड्यात निम्मा बिघाड इथंच सापडला तरी नवल नाही. मग मल्टिमीटर. एसएमपीएसला मेन सप्लाय असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही जांभळ्या आणि काळ्या वायरमध्ये ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. चालू केल्यावर पिवळ्या वायरवर १२, लालवर ५ आणि नारंगीवर ३.३ व्होल्ट. यात पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. त्याखाली गेलं तर एसएमपीएस संशयित. मदरबोर्ड बदलण्याची घाई नको.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? मॉनिटरची केबल योग्य पोर्टला आहे का पाहायचं. मग रॅम काढून संपर्काच्या पट्ट्या साफ करून पुन्हा बसवायची. तरी नाही झालं तर बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच ठेवून बाकी सगळं सोडवायचं आणि एकेक जोडत जायचं. तारीख-वेळ रोज मागं जात असेल तर सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल बदलायचा. काही रुपयांचं काम आहे. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, रॅम चुकीची आहे.

जिवाशी खेळ नको

एसएमपीएसच्या आत मोठे कपॅसिटर असतात. प्लग काढला तरी त्यात काही वेळ सुमारे ३०० व्होल्टपर्यंत दाब साठून राहू शकतो. शिकाऊ मुलानं एसएमपीएस उघडायचा नाही, तो बदलायचा. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती दाबायची, टोचायची किंवा चार्ज करायची नाही. बेंचला अर्थिंग असलंच पाहिजे. अर्थिंग नसेल तर अंगावरच्या स्थिर विजेनं चांगली रॅमही जाते.

डेटा गिऱ्हाइकाचा आहे

हार्ड डिस्क बदलता येते, तिच्यातला मजकूर नाही. गावातल्या सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर पीक विम्याचे अर्ज असतात, पतसंस्थेच्या मशीनवर खाती, फोटो स्टुडिओत लोकांची लग्नं. ‘विंडोज स्लो आहे’ म्हणून न विचारता फॉरमॅट मारला, तर दुरुस्ती झाली आणि माणूस उद्ध्वस्त झाला असा प्रकार होतो. आधी विचारायचं, बॅकअप घ्यायचा, काय घेतलं ते पावतीवर लिहायचं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करून पाहायची नाही. दर वेळी नुकसान वाढत जातं. आणि गिऱ्हाइकाचे फोटो उघडून बघायचे नाहीत. छोट्या गावात दुकान नावावर चालतं.

फी भरण्याआधी एवढं विचारा

- प्रमाणपत्र कोण देतं? क्लास स्वतः, की वर सांगितलेली एखादी यंत्रणा?
- परीक्षेची फी कोर्सच्या फीमध्ये धरली आहे का?
- एका मशीनवर किती विद्यार्थी? बिघडलेली मशीन सरावाला मिळतात का?
- मल्टिमीटर आणि सोल्डरिंग हातानं करायला मिळतं का?
- अर्ध्यात सोडलं तर पैशांचं काय? उत्तर लेखी घ्यावं.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ हा शब्द ऐकला की मागच्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोलायला मागावं. गाठ घालून देत नसतील तर उत्तर मिळालं असं समजावं.

परत आल्यावर काम आहे का?

आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे शाळा, पतसंस्था, झेरॉक्स सेंटरमधली पुष्कळ जुनी मशीन त्या अटीत बसत नाहीत. यातल्या कुठल्या मशीनला एसएसडी आणि रॅम टाकून लिनक्सवर चालवायचं, कुठलं बदलायला सांगायचं, हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्याला हवा आहे. निकामी माल भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरकडं पाठवायचा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम हेच सांगतात.

प्रमाणपत्रामुळं दुकानाचं दार उघडतं. आत गिऱ्हाईक टिकतं ते मल्टिमीटरचं रीडिंग खरं सांगणाऱ्याकडं. पन्नास रुपयांच्या सेलचं काम असताना पाच हजारांचा बोर्ड माथी न मारणारा मेकॅनिक देगलूरच्या बाजारात महिनाभरात सगळ्यांना माहीत होतो, आणि उलट वागणारा त्याच्याही आधी.