संमोहनवशता आणि अंतःस्राव

संमोहनाला सर्व माणसे सारखीच वश होत नाहीत. हे तारतम्य कशाने उत्पन्न होते, हा या विद्येच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय. मेस्मरने कारण शोधले ते एका सूक्ष्म द्रवात. परंतु १७८४ साली फ्रँक्लिन, लाव्हाझिए प्रभृतींच्या राजनियुक्त मंडळाने तो द्रव अमान्य करून परिणामाचे श्रेय कल्पनाशक्तीला दिले. १९५९ मध्ये वाइट्झेनहॉफर व हिलगार्ड यांनी स्टॅनफर्ड येथे संमोहनवशता अंकांत मोजण्याची श्रेणी सिद्ध केली. १९७५ मध्ये गोल्डस्टीन व हिलगार्ड यांनी अफूसदृश द्रव्यांना रोधणारे नॅलोक्सोन देऊन पाहिले. तरीही संमोहनजन्य वेदनाशमन टिकले. २०१२ मध्ये मात्र ब्रायंट व त्यांचे सहकारी यांनी अल्पवश पुरुषांना नाकावाटे ऑक्सिटोसिन दिले असता त्यांची संमोहनवशता वाढलेली आढळली.

तेव्हा मेस्मरचा द्रव पुन्हा अवतरला काय? तसे म्हणता येणार नाही. त्याचा द्रव संमोहकाकडून वाहत असे. हे संप्रेरक पात्राच्या देहातील आहे, आणि सूचनेवाचून ते संमोहन घडवीत नाही. शिवाय केवळ पुरुषांवरील एका प्रयोगावरून स्त्रियांविषयी अनुमान काढणे अयुक्त होय. १७८४ चा निर्णय त्यामुळे रद्द होत नाही. कल्पनाशक्तीला शरीराचे साहाय्य कितपत लाभते, एवढाच नवा प्रश्न त्यातून उभा राहतो.